कडूदासांचा मारवा

अंबडच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर प्रतिज्ञापत्रं आणि वाटणीपत्रं. पाचनंतर वकील घरी गेले की दुकानात वेगळाच खटला उभा राहतो आणि त्याचा निकाल तीस वर्षांत लागलेला नाही. बंदिशी बांधण्यात जास्त धीट कोण, आमच्या अंबडचे कडूबाबुवा की बदनापूरचे धर्मराजबुवा? दोघंही आता हयात नाहीत, त्यामुळे भांडण निवांत चालतं.

कडूबाबुवांची बाजू त्यांचे शिष्य राजानंद सर लढवायचे. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. चहात साखर कमी पडली तरी मागायला लाजतील असा स्वभाव. पण बुवांचा विषय निघाला की हाच माणूस माझ्या टेबलावर हात आपटायचा. धर्मराजबुवांची बंदिश सुरूच व्हायची वरच्या षड्जावर, दार लाथेनं उघडावं तशी. कडूबाबुवा मात्र खालच्या तीन-चार सुरांत रेंगाळायचे. बदनापूरवाले म्हणायचे, "तुमचे बुवा बिलकुल सज्जन, पण जिगर न्हाई." मग सर बुवांची मारवा रागातली बंदिश काढायचे.

त्या मारव्याबद्दल सांगायलाच हवं. षड्ज म्हणजे गाण्याचं घर, सगळे सूर फिरून तिथंच येतात. मारव्यात तो तसाही जपून लावतात. या बंदिशीत तर तो शेवटपर्यंत लागतच नाही. सूर घराभोवती घिरट्या घालतो, उंबऱ्यापर्यंत येतो आणि परत वळतो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. शेवटच्या ओळीत एकदाच षड्ज येतो, आणि नेमकं तिथंच बुवांचं नाव, 'कडूदास'. रचणारा आपलं नाव असं बंदिशीत गुंफतो, त्याला छाप म्हणतात. हा मारवा झाला की बदनापूरवाले पुढं बोलत नसत. मी सरांना तबल्याची साथ करतो, माझा ठेका यथातथाच आहे, पण त्या षड्जाला माझ्याही डोळ्यांत पाणी आलेलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर बुवांच्या मुलीनं, वंदनाताईनं, वडिलांच्या चाळीस बंदिशींचं पुस्तक काढायचं ठरवलं. टायपिंग माझं, तपासणी सरांची. पहिलं पान मारव्याचं, हे ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं. बाकीची पानं सरांनी चार दिवसांत तपासून दिली. मारव्याचं पान तीन आठवडे परत येईना. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, एवढ्या वेळात माझा पोरगा अख्खं पुस्तक वाचून काढंल."

सर म्हणाले, "वंदनाला बोलाव."

ताई आली, खुर्चीवर बसली. सर उभेच राहिले.

"वंदना, हा मारवा बुवांचा न्हाई. मी बांधलाय."

ताईला वाटलं सर थट्टा करताहेत. पण सरांना थट्टा जमत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"बुवा आजारी व्हते त्या साली मी बदनापूरच्या बैठकीला गेल्तो," सर सांगायला लागले. "तिथं एकजण भर बैठकीत म्हणाला, कडूबा भित्रा हाये. मला सहन झालं न्हाई. आठ दिवसांत मारवा बांधला, बुवांची छाप टाकली, आन् पुढच्या बैठकीत त्यांचा म्हणून गायलो. वाटलं, एकदाच. मंग लोक मागूनच राह्यले."

"बाबांनी ऐकला व्हता?"

"न्हाई. त्यांच्यापुढं गायची हिंमत झाली न्हाई. तेवढ्यात ते गेले."

लोक दुसऱ्याची बंदिश आपल्या नावावर खपवतात. या भल्या माणसानं उलटी चोरी केली होती आणि तीस वर्षं चोरासारखाच घाबरून राहिला होता. मला हसावं की रडावं कळेना.

ताई मात्र हसली नाही. सरांना ती दादा म्हणते. "दादा, मी माझ्या लेकरांना सांगत आले, लोक म्हणतात तसा तुमचा आजा न्हाई, हा मारवा ऐका. आता मंग बाबांचं राह्यलं काय?"

सरांनी माझ्यासमोरच्या गठ्ठ्यातून एक पान ओढलं. बुवांची भूप रागातली बंदिश, शिकाऊ पोरं पहिल्या वर्षी घोकतात ती. बाकावर बसून त्यांनी ती हळू आवाजात सुरू केली. एका सुरावर आले आणि तिथंच थांबले, पुष्कळ वेळ थांबले.

"हा गंधार बघ. इथून पुढं जायला वाट मोकळी व्हती. मी असतो तर धावलो असतो, धर्मराजबुवा तर छपरावर चढले असते. लोक भित्रा म्हणतील, हे बुवांना बराबर ठाऊक व्हतं. तरी ते इथं थांबले. मला जल्मात असं थांबता आलं न्हाई. आन् मारवा? तो मी भ्यालो म्हणून बांधला, वंदना. बुवांना लोक लहान समजतील, ह्या भ्यानं."

ताई म्हणाली, "परत म्हणा."

सरांनी ती बंदिश तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा ताईही त्यांच्याबरोबर गात होती, पदर डोळ्यांना लावून. तीस वर्षं वाद घालताना ही बंदिश आमच्यापैकी एकानंही नीट ऐकली नव्हती, याची मला लाज वाटली.

"सुग्रीवभाऊ, भूप पहिला घ्या," ताई उठताना म्हणाली. "मारवा शेवटी. खाली दादांचं नाव टाका."

"आणि छाप?" मी विचारलं.

"छाप राहू द्या. दादांनी बाबांना दिलेली वस्तू हाये ती. ती परत घेणारी मी कोण?"

बदनापूरवाले आता खटला जिंकल्यासारखे फिरतात. फिरू देत. त्या दिवशी ताई गेल्यावर सर माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "सुग्रीव, माझं नाव बारीक अक्षरात टाक."

मी ऐकलं नाही. बुवांच्या नावाएवढंच टाकलं.