बिसाहिनकाकीची डबी

बिसाहिनकाकीचे दात नवऱ्यानं एका ठोशात पाडले, असं आमच्या तळ्यावर बायका सांगतात. कोणी तर त्यात हातोडाही घालतं. सगळं खोटं. नवरा म्हणजे समारूकाका, कोंबडीलासुद्धा "सरका बाई जरा" म्हणणारा माणूस. दात गेले ते काकीनं दातांची काळजी घेतली म्हणून.

काळजी म्हणजे गुडाखू. तंबाखू आणि गुळाच्या काकवीचा काळा लगदा, चपट्या डबीतला. उठल्या उठल्या बोटावर घ्यायचा आणि हिरड्यांवर घासत बसायचं. त्याशिवाय पोट साफ होत नाही, ही काकीची खात्री. बासी, म्हणजे रात्री पाण्यात घातलेला भात खाल्ला की पुन्हा. हिरडी ठणकली की पुन्हा, कारण घासलं की ठणका दबतो. बोट तोंडातच ठेवून ती गावच्या बातम्या सांगे, "अगं, दुलारीची सून... उं, थांब... थू! ...पळालीच की!" कुठं, कुणाबरोबर, ते सगळं त्या थुंकीत वाहून जाई.

आरोग्यसेविका रामकली दारात येऊन सांगायची, "काकी, सकाळी अन् झोपताना ब्रश कर, जेवल्यावर चूळ भर, अन् ही डबी फेक तळ्यात."

"घास म्हणतेस, अन् घासू नको पण म्हणतेस! तू दोनदाच घासतेस, आळशी कुठली. मी दिवसभर घासते."

"म्हणून तर एकेक दात हातात येतोय!"

"ते कच्चेच होते. माझ्या आईच्या वळणावर गेलेत."

काकीचा जीव नातीत. तीन वर्षांची कुलेश्वरी सदा तिच्या कडेवर. हरेलीच्या सणाला, पोळ्याच्या महिनाभर आधी, सकाळी पोरीनं आजीसारखंच डबीत बोट घातलं, आजीसारखंच हिरड्यांवर घासलं, आणि ओकून ओकून डोळे पांढरे केले. संध्याकाळी सावरली. सून हेमिननं आवाजही चढवला नाही. "आई, डबी ठेवा नाहीतर पोर. दोन्ही मिळायचं नाही. पोळ्यापर्यंत डबी सुटलेली दिसली, तरच पोर कडेवर देईन."

काकीनं डबी तळ्यात भिरकावली. हे लिहिणाऱ्यानं तिथंच पैज लावली, "काकी, पोळ्यापर्यंत टिकलीस तर रोज सकाळी कडुलिंबाची काडी आणून देईन. पण उद्याच गळ टाकून डबी शोधशील बघ!"

शोधली नाही. डोकं फुटायला आलं, भांडी आपटली, समारूकाकाला "श्वास हळू घ्या" म्हणून झापलं. तळ्यावर बायका मुद्दाम डबी पुढं करायच्या, "घे गं चिमूटभर, सून कुठं बघतेय?" काकी तोंड फिरवायची. हिरड्या ठणकायच्या आणि तो ठणका दाबायला आता काहीच नव्हतं. उरलेले दातही त्याच महिन्यात गेले.

पोळ्याला हेमिननं शब्द पाळला, पोर कडेवर दिली.

दुसऱ्या दिवशी काडी पोचली. काकीनं ती उलटीसुलटी केली. "चावू कशानं रे, बाबू? हरलास ना? मग ठेचूनही दे."

दगडावर ठेचून टोक मऊ करून दिलं. काकी नातीसमोर उकिडवी बसली. "आ कर गं राणी, आजी शिकवते."

"आई!" स्वयंपाकघरातून हेमिन म्हणाली. "तिचा ब्रश आहे. तुमचं बोट तिच्या तोंडात नको."

काकीचा हात तिथंच राहिला. मग तिनं ती काडी आपल्याच रिकाम्या हिरड्यांवरून फिरवली, रक्त पुसलं आणि म्हणाली, "उद्या कोवळी आण. हरलायस तू."