साबणकाका आणि सोमवारची लोळण

आमच्या इमारतीतल्या कुत्र्यांना सकाळी फिरवून आणणारे गृहस्थ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत, तरी मी त्यांना काकाच म्हणते, कारण सगळेच म्हणतात. साबणकाका. त्यांचे आयुष्य साबणाच्या कारखान्यात गेले. यंत्रातून साबणाची लांबलचक पट्टी सरकत यायची, तारेने तिच्या वड्या पडायच्या आणि काका प्रत्येक वडीवर गुलाबाच्या फुलाचा ठसा उमटवायचे. एकतीस वर्षे फक्त गुलाब. ज्या वडीवर फूल तिरके उमटे ती विकायला जात नसे, शनिवारी कामगारांनी घरी न्यायची.

"माझा हात इतका सरळ होता ना वहिनी, की घरी साबण न्यायचा तर मुद्दाम चुका कराव्या लागायच्या," असे ते सांगतात. माझ्या यजमानांना ते दादा म्हणत, म्हणून मी वहिनी. त्या मुद्दाम केलेल्या चुकांची एक अख्खी ट्रंक अजून त्यांच्या खाटेखाली आहे.

कारखाना बंद पडला आणि चार वर्षांपूर्वी त्यांची बायकोही गेली. लाँड्रीच्या मागच्या खोलीत ते एकटे राहतात. त्या दिवसांत सकाळी उठून आमच्या फाटकाशी उभे राहायचे. काही काम नाही, कोणाची वाट बघणे नाही, नुसते उभे. एकदा माझ्या मुलाला कामावर जायला उशीर झाला होता. त्याने जाता जाता कुत्र्याची दोरी त्यांच्या हातात कोंबली. "काका, बटाट्याला जरा चक्कर मारून आणा ना."

बटाटा म्हणजे आमचा कुत्रा. रंग, आकार आणि बुद्धी, तिन्ही नावाला शोभतात. महिन्याभरात तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची कुत्री मॅडमही काकांच्या दुसऱ्या हातात आली. मॅडम पांढरीशुभ्र, उशी फाटून कापूस बाहेर यावा तशी. साडेसहाला तिघे निघत, साडेसातला परत. शिवाय दर रविवारी काका दोघांना गच्चीवर नेऊन गुलाबाच्या साबणाने खसाखसा आंघोळ घालत. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. "साबणवाल्याच्या हातात मळकं कुत्रं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या," हे त्यांचे म्हणणे.

शेण मात्र कुत्र्यांच्याच अंगाला लागू लागले. मासळीच्या दुकानामागून काका त्यांना नदीकडे नेत, आणि वाटेत कुठेतरी दोघे यथेच्छ लोळून येत. एकदा मासळीचे पाणी, एकदा मेलेला उंदीर, एकदा काय होते ते मी लिहून ठेवले आहे, पण इथे सांगणार नाही. दार मीच उघडायची. आतून सूनबाई ओरडायची, "आई, काय मेलंय हो दारात?"

"काही मेलं नाही गं, बटाटा आलाय."

आणि काका हसतमुखाने म्हणत, "घ्या वहिनी, तुमचा गुलाब. कालच आंघोळ झालीय, अजून घमघमतोय."

मला वाटे, हा माणूस थट्टा करतो आहे. मग एक दिवस ते आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते आणि मी हॉलमध्ये फोनवर होते. गॅसवरचे दूध उतू गेले, आटले, करपले. मी धावत आत आले तर पातेल्याचा कोळसा झालेला, आणि काका पातेल्याकडे पाठ करून शांतपणे बिस्किट बुडवत होते.

"काका! वास नाही आला तुम्हाला?"

ते बिस्किट कपातच विरघळले. बराच वेळ ते चमच्याने शोधत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, कोणाला सांगू नका. एकतीस वर्षं गुलाबात काढली, नाकाने कधीच राजीनामा दिलाय. घरात माझं नाक म्हणजे ती होती. दूध लागलं, गॅस राहिला, शर्ट बदला, सगळं तीच सांगायची. आता ही दोघं सांगतात. बटाटा थांबला की मला कळतं, इथे काहीतरी आहे. मॅडम पळायला लागली की कळतं, बेकरी उघडली. ही दोघं गेली तर मी सकाळी उठून जाऊ कुठे? परत फाटकाशीच ना?"

मी कोणाला सांगितले नाही. डायरीतही 'दूध करपले' एवढेच लिहिले.

पण डॉक्टरीणबाईंचा संयम संपत आला होता. एका बुधवारी त्यांनी जिन्यातच काकांना धरले. "काका, मॅडमच्या मानेवरचा तो हिरवा पट्टा काय आहे?" काकांनी माफी मागितली आणि त्यांना सुचला तो उपाय केला. आंघोळ आठवड्यातून तीनदा. साबण दुप्पट. प्रकरण आणखी बिघडले. तीन आठवड्यांनी शनिवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाई आमच्याकडे येऊन बसल्या.

"सोमवारपासून दुसरी मुलगी येणार आहे. ती कुत्र्यांना कुठे कुठे नेते ते सगळं फोनवर दिसतं म्हणे. तुम्हीही बटाट्याला तिच्याकडेच द्या."

सूनबाईने लगेच मान हलवली. "खरंच आई, काका चांगलेच आहेत हो, पण गेल्या आठवड्यात मी सोफ्याची कव्हरं तीनदा धुतली."

"मला दहा मिनिटं द्या," मी म्हटले आणि आतून डायरी आणली.

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टरांनी शिस्त लावली होती, की रोजनिशीत आधी काय घडले ते लिहायचे, काय वाटले ते मागाहून, जागा उरली तर. त्यामुळे माझ्याकडे हवामान, दूधवाल्याची वेळ आणि बटाट्याचा वास हे सगळे तारखेनिशी असते. आम्ही तिघी चष्मे लावून बसलो. रविवार, आंघोळ. सोमवार, उंदीर. मंगळवार, काही नाही. बुधवार, काही नाही. शनिवारपर्यंत काही नाही. पुन्हा रविवार, आंघोळ. सोमवार, मासळी. अकरा आठवड्यांत नऊ सोमवार! जिन्यातल्या त्या बुधवारनंतर आंघोळी तीन झाल्या, तर लोळणही आठवड्यातून तीनदा, प्रत्येक आंघोळीच्या दुसऱ्या दिवशी.

"म्हणजे साबणामुळे?" सूनबाई म्हणाली.

आम्ही बटाट्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, "कुत्री का लोळतात हे नक्की कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं स्वतःचा वास लपवायला, कोणी म्हणतं बाकीच्यांना बातमी द्यायला, की बघा मला काय सापडलं. पण तुम्ही असा विचार करा. तुम्हाला कोणी धरून मासळीच्या पाण्याने आंघोळ घातली, तर तुम्ही घरी येऊन काय कराल?"

"साबण लावीन," मी म्हटले.

"ती तेच करतात."

डॉक्टरीणबाई एका आठवड्याला कबूल झाल्या. साबण पूर्ण बंद, फक्त पाणी, आणि मी रोज सोबत जाऊन डोळ्यांनी बघायचे. त्या आठवड्यात कुत्री लोळली तर नवी मुलगी.

काकांना सांगणे हे मात्र जड गेले. त्यांनी सगळे ऐकले, हातातली दोरी दोनदा गुंडाळली, सोडली. "म्हणजे मीच त्यांना घाणीत ढकलत होतो? माझा साबण वाईट?"

"माणसांना चांगला आहे हो. कुत्र्यांच्या नाकाला जरा जड जातो."

"पहिल्या दर्जाचा गुलाब होता, वहिनी," ते एवढेच म्हणाले.

सोमवारी मी काठी घेऊन निघाले. मासळीच्या दुकानामागे बटाटा थांबला. काहीतरी होतेच तिथे. त्याने नाक खाली नेले, कोणी बघत नाही ना अशी बाजूला नजर टाकली, डावा खांदा हळूच वाकवला. काका दोरी धरून पुतळ्यासारखे उभे. बटाट्याने आणखी एकदा हुंगले, शिंकला आणि पुढे गेला.

"गेला?" काकांनी विचारले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"गेला. उघडा आता."

मंगळवार, बुधवार कोरडे गेले. काका शीळ घालू लागले. आणि गुरुवारी, नदीच्या अलीकडे, मॅडमने घात केला. आधी डावा खांदा, मग मान, मग पाय आभाळाकडे, आणि चेहरा असा की जणू समाधी लागली. बटाटा शेजारी उभा राहून सभ्यपणे बघत होता. काका मटकन दगडावर बसले. "संपलं, वहिनी. पाण्याशिवाय काही लावलं नव्हतं हो मी. आईशप्पथ."

मी वाकले आणि नाक मुठीत धरून मॅडमजवळ गेले. मग मूठ सोडली. मानेवर उंदीर होता, पण शेपटीकडे, जिथे ती अजून पोचली नव्हती, तिथे लॅव्हेंडर होते. भरपूर लॅव्हेंडर.

आम्ही थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो. डॉक्टरीणबाईंनी दार उघडले आणि पदर नाकाला लावला. "बघा! मी म्हटलं होतं ना!"

"शेपटीचा वास घ्या," मी म्हटले.

"मी? हिच्या शेपटीचा?"

"दुसऱ्यांच्या तोंडात रोज नाक घालता, तेवढं जमेल."

त्यांनी वास घेतला. चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "काल पाहुणे येणार होते," त्या पुटपुटल्या. "थोडासाच मारला फवारा. कुत्र्यांच्या पार्लरमधला चांगला असतो तो."

"किती थोडासा?"

"अर्धी बाटली."

काका इतका वेळ माझ्या मागे उभे होते. ते पुढे आले आणि अगदी मृदू आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाई, चूक होते माणसाकडून. माझ्याकडूनही झाली. मी धुऊन आणतो हिला. नुसत्या पाण्याने."

नवी मुलगी आली नाही. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. काकांच्या नाकाचे सूनबाईला आणि डॉक्टरीणबाईंना त्यांनीच त्या दिवशी सांगून टाकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग सोपंच आहे. फाटकात शिरण्याआधी कोणीतरी वास घेऊन बघेल." ते कोणीतरी म्हणजे मी, हे सर्वानुमते ठरले. म्हणून आता मीही रोज जाते. काका चालता चालता विचारतात, "आज काय, वहिनी?" आणि मी सांगते, ओला लाकडाचा भुसा, बेकरी, कोणाची तरी भाजी लागली. ते ऐकून मान डोलावतात.

साबणाची ट्रंक त्यांनी घरोघरी वाटली. मला डझनभर वड्या आल्या, सगळी फुले तिरकी. परवा रविवारी मी त्यातली एक फोडली. साबण खरोखर पहिल्या दर्जाचा आहे. सोमवारी निघताना मी बटाट्याच्या मानेवरून, पाठीवरून छान हात फिरवला आणि आम्ही मासळीच्या दुकानामागे पोचलो.

लोळून झाल्यावर तो उठला, अंग झटकले, आणि माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने बघितले. काकांनी त्याच्याकडे बघितले, मग माझ्या हाताकडे.

"वहिनी," ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं. तुम्हाला फिरायच्या कामावर ठेवायचं की नाही, ते आता त्या ठरवतील."