थोरलीची कानतपासणी

थोरलीला कुणी हळू बोलायला सांगितलं की तिचं डोकंच फिरायचं. जिचं सगळं आयुष्य कापडाच्या गिरणीत, मागांच्या शेडमध्ये गेलं, तिने हळू बोलायचं तरी कसं? माग एकदा सुरू झाले की शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी उपयोग नसे. म्हणून तिथल्या बायका आवाज काढायच्याच नाहीत. ओठ मोठे मोठे हलवायचे, भुवया उडवायच्या, हाताची थोडी मदत घ्यायची, झालं. या टोकाच्या बाईने त्या टोकाच्या बाईला सासूची अख्खी कहाणी सांगावी आणि मध्ये उभ्या असलेल्या मुकादमाला त्यातलं अक्षरही कळू नये, असा सगळा कारभार. त्याला बायकांनी काय काय नावं ठेवली होती, ते बिचाऱ्याला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. बरंच झालं म्हणा.

घरी ती बहिणींत सगळ्यात धाकटी. पण शेडमध्ये सगळ्यांच्या आधी कामाला लागलेली, त्यामुळे तिथे ती थोरली, आणि तेच नाव चिकटलं.

मग मालकांनी बस्तान हलवलं. बंदराजवळ जागा स्वस्त आहे, माणसं त्याहून स्वस्त आहेत, माल पाठवायचा खर्चही वाचतो, असं त्यांनी सभेत सांगितलं. तेही इतक्या हसतमुखाने, की वाटावं सगळ्यांना सोबतच नेणार आहेत. नेले ते माग. बोल्ट काढले, ताडपत्र्या बांधल्या आणि ट्रकात चढवले. बायकांच्या वाट्याला भाषण आलं आणि एकेक भिंतीवरचं घड्याळ. आता कामच नाही तर वेळ बघून करायचंय काय, हे मालकांना कुणी विचारलं नाही.

पुढे त्याच जागेवर पत्र्याचं भलंमोठं गोदाम उभं राहिलं. लोकांनी फोनवरून मागवलेल्या वस्तू तिथे खोक्यांत भरायच्या आणि गाड्यांत चढवायच्या. भरती निघाली तेव्हा थोरली रांगेत सगळ्यांच्या पुढे होती.

तिला ती नोकरी हवीच होती. मुलगा वाईट नव्हता हो. आई, महिनाअखेरीला ही खोली सोड आणि आमच्याकडे ये, असं तो घरी येऊन सांगून गेला होता. सूनही गोड बोलायची. पण त्यांच्याकडे हिचं अंथरूण पडणार स्वयंपाकघरात. सगळ्यांची जेवणं, भांडी उरकेपर्यंत पाठ टेकायची सोय नाही, आणि मैत्रिणीला चहाला बोलवायचं तर आधी विचारायचं. थोरलीला स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच्या कमरेला हवी होती. नोकरी लागली तर मी इथेच राहणार, असं तिने मुलाला बजावलं, आणि त्यानेही ते कबूल केलं.

खोकी उचलून झाली, डोळे तपासून झाले. राहिले कान. गोदामात माल उचलणाऱ्या गाड्या पाठीमागून येतात, हॉर्न ऐकू आला नाही तर माणूस चाकाखाली जाईल, असं भरतीच्या साहेबाने समजावलं. ते थोरलीलाही पटलं.

तपासणीच्या खोलीबाहेर शेडमधल्या सगळ्या जणी बाकांवर बसल्या होत्या. साहेब तिथून जाताना थबकला आणि एवढ्या बायका असून काय ही शिस्त, असं सोबतच्या माणसाला कौतुकाने म्हणाला. शिस्त कसली डोंबलाची! त्याच्या पोटावर ताणलेलं शर्टाचं बटण आज तुटतं की उद्या, यावर दोन्ही बाकांवर नुसत्या ओठांनी जोरात चर्चा चालली होती. आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांना ठाऊक होतं. किती कमी, ते कुणी मोजलं नव्हतं. समोरच्याचे ओठ दिसले की कळायचंच सगळं.

आतली तपासनीस तरुण आणि प्रेमळ होती. तिने थोरलीच्या कानांवर जाडजूड हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. बारीकसा आवाज आला तरी दाबायचं, असं सांगितलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. आता थोरलीला तिचे ओठ दिसेनात. भिंतीवर काय वाचणार?

पण मग तिला ऐकू आलं. आधी बारीक, मग चांगलं स्पष्ट. तिने बटण दाबलं. पुन्हा आलं, पुन्हा दाबलं. आपण उगाच घाबरलो, असं वाटून तिला हसूच आलं. ती भराभर दाबत राहिली आणि पहिल्या पगारात दाराला नवं कुलूप घ्यायचं, हेही तिने ठरवून टाकलं.

खांद्यावर हात पडला. तपासनीस पुढे येऊन उकिडवी बसली होती. तिने हेडफोन काढले आणि सावकाश म्हणाली, "मावशी, मी अजून आवाज सुरूच केला नाहीये."

थोरलीने तिला पुन्हा बोलायला लावलं. ओठ तेच म्हणाले.

तेव्हा तिला तो आवाज ओळखू आला. तिचेच माग होते ते. तिकडे बंदराजवळ दुसऱ्याच कुणाच्या हाताखाली चालत असतील, पण तिच्या कानांत ते एक दिवससुद्धा थांबले नव्हते. इतकी वर्षं ती त्यालाच शांतता समजत आली होती.

मग खरी तपासणी झाली. तीत बटण दाबायची वेळ एकदाही आली नाही. तपासणाऱ्या मुलीला फार वाईट वाटलं. या कामावर तुम्हाला घेता येणार नाही, हे तिने तोंड न फिरवता, नीट समोर बघून सांगितलं. तेवढं तिने केलं.

बाहेर पुढचा नंबर शेजारच्या मागावरच्या बाईचा होता. थोरलीला रडू फुटत होतं. ते गिळून तिने नुसत्या ओठांनी सांगितलं, "आत आपले माग ऐकू येतील. त्यांच्यासाठी बटण दाबू नकोस."

शेजारीण जागच्या जागी उभी राहिली. थोडा वेळ तिने कान देऊन पाहिलं.

"ते सोडून दुसरं काही येतच नाही गं," तिचे ओठ म्हणाले.

थोरलीने तिचा हात घट्ट धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग फाटकाबाहेर येऊन तिने मुलाला फोन लावला आणि महिनाअखेरीला येते म्हणून मोठ्यांदा सांगितलं. तो तिकडून काहीतरी बोलला. काय, ते तिला कळलं नाही. फोनवर ओठ कुठे दिसतात!