कोरं कार्ड

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, धाकट्या बहिणीजवळही नाही. मध्यंतरी झोप लागेना म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी विचारलं, मनावर काही ताण आहे का — मी म्हणाले, नाही हो, गुडघे दुखतात. आता तुम्हाला सांगते आहे ते धीर आला म्हणून नव्हे. सांभाळून सांभाळून कंटाळा आला, एवढंच.

गाण्यांपासून सुरुवात करते. तेवढा भाग सोपा आहे.

आमचं गाव तासगावपासून पाच-सहा मैलांवर. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवणाचं दुकान एस.टी. थांब्याला लागून होतं आणि दुकानात रेडिओ सकाळपासून चालू असायचा. एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असेल. पण गावात गाजत होती ती अजून अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचीच गाणी. नवी येत नव्हती असं नाही, पण गावाचं मन त्या पाच-सहा गाण्यांवर जे बसलं ते उठायला तयार नव्हतं. वरातीत बँडवाले तीच वाजवायचे, द्राक्षाच्या पेट्या नेणाऱ्या ट्रॅक्टरवर तीच, जत्रेत पाळण्यापाशी तीच. आणि दुपारी रेडिओवर फर्माईश लागायची तेव्हा लोक पुन्हा तीच मागायचे.

फर्माईश पोस्टकार्डावर पाठवायची. वर गाणं आणि पिक्चरचं नाव, खाली ऐकणाऱ्यांची नावं. माझं अक्षर बरं होतं, म्हणून निम्म्या गावाची कार्डं मी लिहायची. लोक दुकानात येऊन नावं सांगून जायचे. एकाने आपल्या बैलाचं नाव घालायला लावलं, आणि रेडिओवरच्या बाईंनी ते माणसाचं असल्यासारखं वाचलं. गाव आठवडाभर हसत होतं. पण नावांना क्रम असायचा बरं का. वडीलधारे आधी, मग नवरा-बायको जोडीनं, मग पोरंसोरं, शेवटी मित्रपरिवार. कुणाच्या नावाला लागून कुणाचं नाव येतं, हे लोक गाण्यापेक्षा जास्त कान देऊन ऐकायचे. गावात नवी सून आली आणि नवऱ्याच्या नावापाठोपाठ ‘आणि’ म्हणून तिचं नाव रेडिओवर आलं, की जणू दुसऱ्यांदा लग्न लागलं.

मग मी असं का केलं? थांबा — आधी शकूबद्दल सांगायला हवं.

शकू बौद्ध वस्तीतली, माझ्याच वर्गातली. बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती; पुढे निकालात ती चांगल्या मार्कांनी पास झाली, मी इंग्रजीत आपटले. तिला सांगलीला राहून शिक्षिका व्हायचं होतं. वस्तीतली पहिली मास्तरीण होणार, असं तिचे वडील — त्यांना आम्ही तात्या म्हणायचो — भेटेल त्याला सांगायचे. तात्या विलासच्या घरच्या बेदाण्याच्या शेडवर कामाला होते. विलास म्हणजे मोठ्या बागायतदाराचा मुलगा. गाणी सांगायच्या निमित्ताने दुकानात यायचा, टेबलाला टेकून उभा राहायचा. मला तो आवडायचा. त्याला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काही फरक पडला नसता. शकूशी मात्र तो दोन शब्द जास्त बोलायचा. एवढंच होतं हो. दोन शब्द.

एका दुपारी मी एक कार्ड स्वतःच्या मनानेच लिहिलं. त्या गाजलेल्या गाण्यांपैकी सगळ्यात गाजलेलं प्रेमाचं गाणं. खाली विलासचं नाव. त्याच्यापुढे ‘आणि’. तिथे मला माझं नाव घालायचं होतं — एकदा तरी त्या बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं, मग काय व्हायचं ते होवो. पण पेन टेकवल्यावर तेवढी हिंमत झाली नाही. माझ्या नावाच्या जागी मी शकूचं नाव लिहिलं. आडनावासकट.

गंमत म्हणून केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं ते असं : माझं नाव असतं तर आप्पांनी एक थोबाडीत दिली असती आणि प्रकरण मिटलं असतं. तिचं नाव त्या घराला चिकटलं तर एवढ्यावर मिटणार नाही, हे मला अठराव्या वर्षी नीट कळत होतं. गावात वाढलेल्या कुणाला हे सांगावं लागतं?

कार्ड लागलं ते बेदाण्याच्या ऐन हंगामात. शेडवर बायका बेदाणा निवडत बसायच्या आणि त्यांच्यासाठी तिथे रेडिओ ठेवलेला असायचा. शकूही सुट्टीत जायची. म्हणजे विलासच्या आईने, तात्यांनी, शकूने, सगळ्या शेडने ते एकदमच ऐकलं. मी दुकानात ऐकलं. नाव वाचलं गेलं तसं आप्पांचं मशीन थांबलं. ते माझ्याकडे बघत होते. काही विचारलं नाही त्यांनी, आणि त्यांच्यावर मी काही ढकलत नाही.

संध्याकाळपर्यंत विलासची रवानगी विट्याला मामाकडे झाली. तात्यांना त्याच्या चुलत्याने सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. दिवे लागायच्या सुमाराला तात्या दुकानात आले. टोपी हातात. मला म्हणाले, “पोरी, गावाची कार्डं तुज्याच हातनं जात्यात. ह्ये तू लिवलंस का? लिवलं आसंल तर सांग, मी रागवायचा न्हाई. माज्या पोरीनं लिवलं न्हाई, तेवढं मला कळू दे.”

बघा, किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “न्हाई तात्या. पन परवा शकूनं माज्याकडनं एक कोरं कार्ड नेलं हुतं.”

आणि हे खरं होतं! नेलंच होतं तिने. सांगलीच्या मुलींच्या वसतिगृहाला लिहायला नेलं होतं — जागा मिळेल का, कधी येऊ. मला सांगून नेलं होतं. ते कशासाठी होतं हे गावात आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक मी होते. तात्या ‘बरं’ म्हणाले. टोपी घातली आणि गेले.

इथवर आले की मी नेहमी थांबते. आज थांबत नाही.

शकूने घरी सांगितलं की कार्ड वसतिगृहाला धाडलंय, उत्तर येईल तेव्हा बघा. सांगलीच्या कॉलेजचं नाव काढणं तोवर बंद झालं होतं, तिचं बाहेर पडणं बंद झालं होतं. पण तात्यांना तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. वस्तीचं टपाल पोस्टमन आमच्याच दुकानात टाकून जायचा. म्हणून तात्या रोज दुपारी येऊन पायरीखाली उभे राहायचे. “काय आलंय का गं?” मी म्हणायची, न्हाई आलं. अकरा दिवस ते येत होते.

पाकीट नवव्या दिवशी आलं.

मी ते उघडलं. आत टाइप केलेल्या चार ओळी : आपले पोस्टकार्ड मिळाले, जागा आहे, जूनमध्ये कागदपत्रांसह यावे. ते मी घडी करून मशीनच्या खणात रिळांखाली ठेवलं. तासाभराने तात्या आले. मी म्हणाले, न्हाई आलं. दहाव्या दिवशी तेच. अकराव्या दिवशी तेच. बाराव्या दिवशी ते आले नाहीत. मे महिन्यात शकूचं लग्न झालं, शिरवळकडे कारखान्यात काम करणाऱ्या मुलाशी. मी लग्नाला गेले होते. जेवलेसुद्धा.

पुढे मलाही साताऱ्याला दिलं. पाच-सहा वर्षांनी तिथल्या स्टँडवर शकू भेटली. कडेवर पोरगी, हातात पिशवी. तिनेच मला हाक मारली. आम्ही चहा घेतला. शेजारच्या कॅसेटच्या गाड्यावर जुनी हिट गाणी चालली होती, आणि फिरत फिरत तेच गाणं लागलं. शकू म्हणाली, “ह्ये लागलं की मी घरात रेडिओ बंद करते.” कप खाली ठेवला. म्हणाली, “तुजा राग न्हाई हां मला. तात्यांनी इचारलं तवा तू खरं तेच बोललीस. कार्ड म्या नेलंच हुतं.”

मी पोरीच्या गालाला हात लावला. दुसरं काय करणार होते?

“पन वसतिगृहाचं उत्तरच आलं न्हाई बघ,” शकू म्हणाली. “तात्या जाईस्तवर म्हनायचे, आलं असतं तर बरं झालं असतं.”

मी म्हणाले, “पोस्टाचं काय खरं नसतं गं.”

ती ‘व्हय की’ म्हणाली. मग शिरवळची गाडी लागली, गर्दी झाली, आणि ती पोरीला घेऊन चढली. माहेरचं मशीन आता माझ्याकडे आहे. पाकीट त्याच्या खणात आहे. त्यावर तिचं पूर्ण नाव आहे — जसं मी त्या फर्माईशीच्या कार्डावर लिहिलं होतं, आडनावासकट.