फ्लेक्सवरची बाई

कारभारीण गेली त्याच्या नवव्या दिवशी मी मळ्यातून गावात आलो, तर वेशीजवळ भला मोठा फ्लेक्स लागलेला. त्यावर एक गोरीपान बाई. अंगावर पैठणी, नाकात नथ, आणि तोंड असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. मला वाटलं, कुठल्या तरी पुढाऱ्याची आई गेली असेल. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षराला अक्षर लावून वाचतो. वाचायचा कंटाळा केला. पण खाली हात जोडलेल्या माणसांची रांग होती, तिच्यात माझी दोन्ही पोरं दिसली. मग थांबून वाचलं. ती म्हणे माझी बायको.

जिच्यासमोर बसून जन्मभर भाकर खाल्ली ती बाई मला ओळखू आली नाही. यात चूक माझ्या डोळ्यांची नव्हती.

घरी गेलो. थोरला मंडपवाल्याशी फोनवर बोलत होता. दुसऱ्या दिवशी सायखेड्याला गोदाकाठी दहावा होता. आमच्याकडं दहावा म्हणजे आता सभाच झालीय. नदीकाठी मांडव, पुढाऱ्यांना सोफे, बाकीच्यांना खुर्च्या, आणि भाषणं. ज्यानं मेलेल्याला जन्मात पाहिलं नाही, तो माईक हातात आला की रडका आवाज काढतो. कोणाच्या दहाव्याला किती गाड्या आल्या, हे लोक वर्षभर सांगतात. मेलं कोण, ते आठवत नाही.

"वेशीतली ती बाई कोण रं?" मी विचारलं.

"दादा, आई हाय ती. आधार कार्डावरचा फोटो लय बेकार होता. स्टुडिओवाल्यानं नीट केला."

"नीट केला? काय मोडलं होतं तिचं?"

"साडी बदलली, जरा रंग उजळला. एवढंच."

"आणि गोंदण?"

"ते पुसलं त्यानं. डागासारखं दिसत होतं."

डाग! कपाळावर चंद्रकोर आणि हनुवटीवर तीन टिपके. लहानपणी आईनं धरून बसवलं आणि गोंदणारणीनं गोंदलं, तेव्हा लय रडले, असं ती सांगायची. आणि वर म्हणायची, सोनं काय, मेल्यावर लोक अंगावरून काढून घेतात. गोंदण कोणाच्या बापाला काढता येत नाही, ते बरोबर येतं. तिच्या कानातलं सुनेनं काढून घेतलं तेव्हा मी काही बोललो नाही, रीतच आहे. पण जे विस्तवात तिच्याबरोबर गेलं, ते या शहाण्यांनी कॉम्प्युटरवर बसून पुसलं होतं.

मी सांगून टाकलं, "उद्या घाटावर ही बाई असेल तर मी येत नाही. माझी हिची ओळख नाही."

झालं. घर माझ्याभोवती गोळा झालं. नाशकात प्लॉटिंगचा धंदा करणारा धाकटा म्हणाला, "दादा, नवराच आला नाही तर लोक काय म्हणतील?"

"परक्या बाईच्या दहाव्याला मी कशाला जाऊ?"

थोरली सून म्हणाली, "मामा, मोठमोठी माणसं येणार. त्यांच्यासमोर चांगलं दिसायला नको का?"

"तिचं तोंड ज्याला चांगलं दिसत नसेल त्यानं घरी बसावं."

शेवटी व्याह्यांना पुढं केलं. ते मांडी घालून बसले, म्हणाले, "पाव्हणं, जमान्याबरोबर चालावं माणसानं." त्यांनी मिशीला काळा रंग लावला होता, आणि मुळाशी पांढरी रेघ उगवली होती. मी नुसता मिशीकडं बघत बसलो. थोड्या वेळानं ते आपसूक उठले.

दिंडोरीला दिलेली माझी लेक आत आली, तिनं मोबाईल पुढं केला. त्यात तिची आई होती. कांदे साठवायच्या चाळीत बसलेली, डोक्याला पदर गुंडाळलेला, तोंडावर कांद्याची धूळ, पुढचा दात पडलेला, आणि खदाखदा हसतेय.

"हाच लावा," मी म्हणालो.

थोरला कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "कांदे निवडताना? सगळ्यांच्या समोर?"

"मग काय विमान चालवत होती ती?"

सकाळी सगळे आंघोळी करून गाड्यांत बसले. मी कालच्याच कपड्यांत ओट्यावर. गाडी सुरू झाली, हॉर्न वाजला, गाडी बंद झाली. थोरला उतरून आला. "दादा, चला."

"बाई कोणती?"

मग त्यानं धाकट्याला लेकीचा मोबाईल देऊन पिटाळलं. धाकट्यानं झेरॉक्सवाल्याला घरून उठवून आणला आणि कागदावर फोटो काढून आणला. तेव्हा मी गाडीत बसलो.

घाटावर गेल्या गेल्या मांडवात मागं लावलेला तसलाच फ्लेक्स मी गुंडाळायला लावला. खुर्चीवर तेवढा कागद, चौकटीत. पुढारी आले. त्यांनी मोबाईलवर फोटो काढणाऱ्याकडं बघत फुलं वाहिली आणि माईकवर तिच्या थोर समाजकार्याबद्दल सांगितलं. मला नवीनच कळलं. समोर सोफ्यावर पाहुणे एकमेकांना कोपरानं ढोसत होते, कागदाकडं बोट दाखवत होते. दाखवू द्या.

भाषणं संपल्यावर चाळीत तिच्याबरोबर निवडणीला बसणाऱ्या बाया पुढं आल्या. एकीनं फोटो बघितला आणि मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, हसतीया बघ कशी! आता म्हणंल, तोंडं काय चालवता गं, हात चालवा."

बाकीच्या हसल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. त्या दिवसात तिच्यासाठी रडलेलं मी तेवढंच बघितलं.

महिन्याभरात अवकाळीचं आभाळ आलं. बाहेर कांद्याचा ढीग उघडा. घाटावरून गुंडाळून आणलेला तो फ्लेक्स मी काढला, ढिगावर पसरला, कडेला दगड ठेवले. थोरला धावत आला. "दादा, अहो, आईचा फोटो हाय तो!"

"नाय रं," मी म्हणालो. "ती आपली कोणी नाही. धर ते टोक, वारं सुटलंय."

त्यानं धरलं.