जसंच्या तसं सोयाबीन

उपयोजित गणित आणि संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला मी प्रवेश घेतला, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांच्या आया माझ्या वयाच्या होत्या. एका मुलीने हिशोब करून ते मला सांगितलंही. मी म्हटलं, चांगलं आहे, वर्गात एक तरी माणूस वेळेवर जेवणारं हवं.

खामगावच्या एका जिनिंगच्या कार्यालयात मी कापसाच्या गाठींचा साठा आणि प्रतीचे तक्ते सांभाळते. लग्नाआधी गणितात बी.एस्सी. झाले होते. नोकरीत आकडे रोज हातातून जायचे, पण मी त्यांची बेरीज-वजाबाकी करण्यापलीकडे जात नव्हते. एकाच दिवशी आलेल्या दोन गाड्यांच्या कापसात फरक निघाला, तर त्यातला खरा फरक किती आणि योगायोगाचा किती, हे मला सांगता यायचं नाही, आणि ते मला सतत टोचत असे. पुण्याच्या एका विद्यापीठाने नोकरदारांसाठी हा अभ्यासक्रम काढलेला दिसला. शनिवार-रविवारी तास संगणकावर, परीक्षेपुरतं पुण्याला जायचं. मी नवऱ्याला विचारलं, करू का?

"मले काऊन विचारतं?" तो म्हणाला. "तुह्यी यादी त झाली असन."

झालीच होती. कोणत्या वेळी अभ्यास, कोणत्या वेळी स्वयंपाक, कोणती लग्नं टाळायची आणि कोणती टाळता येणार नाहीत. ती यादी मी फ्रिजवर लावली आणि बऱ्यापैकी पाळली. पहिल्या सत्रात रेषीय बीजगणिताने दमवलं, दुसऱ्या सत्रात संगणकाच्या आज्ञावल्यांनी. एखादा स्वल्पविराम राहिला की सगळं अडून बसायचं. पण पास होत गेले. माझं एक बरं आहे, मला गोष्ट एकदा समजली की ती जात नाही.

शेवटच्या सत्रात प्रकल्प होता. विद्यापीठाची अट स्पष्ट होती: पुस्तकातला प्रश्न चालणार नाही. आपल्या भागातल्या कोणाचं तरी खरं काम घ्यायचं आणि तुमच्या निष्कर्षावर त्यांना निर्णय घेता आला पाहिजे. प्रकल्प मान्य झाला नाही, तर पदवी पुढच्या वर्षावर.

मी सोयाबीन घेतलं. माझं सासर जानेफळचं. तिथे माझी मोठी जाऊ महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. वयाने माझ्यापेक्षा मोठी आणि आवाजाने तर गावातल्या कोणाहीपेक्षा. गटातल्या बाया घरचं सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवतात आणि पेरणीच्या आधी गावात विकतात. बियाणं उगवतं की नाही हे बघायची पद्धत सगळीकडे एकच आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गोणपाट गुंडाळायचं, आठवडाभर ओलं ठेवायचं आणि कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर बियाणं पेरण्याजोगं. माझा प्रश्न असा होता की, किती पोत्यांमधून आणि पोत्यातल्या कोणत्या भागातून किती दाणे घेतले, तर सगळ्या साठ्याबद्दल खात्रीने बोलता येईल. गटालाही ते हवं होतं. आदल्या वर्षी दोघा-तिघांच्या शेतात बियाणं विरळ उगवलं होतं आणि गटाच्या नावाने गावात कुजबुज झाली होती. पेरणी वर्षातून एकदा होते. तिच्या आत अहवाल दिला नाही, तर गटाच्या उपयोगाचा नाही आणि माझ्याही नाही.

मे महिन्यात मी सूचनांचा कागद जानेफळला पाठवला: प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि खालून दाणे काढा, पुडी बांधा, पुडीवर पोत्याचा क्रमांक टाका. पुड्या एसटीने आल्या. क्रमांक नीट होते, गाठीसुद्धा सारख्या. मी घराच्या मागच्या खोलीत गोणपाटं मांडली, आठवड्याने कोंब मोजले. सगळी पोती उत्तम निघाली.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडम पुण्याच्या होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आणि बोलायला मोजक्या. आकडे बघून म्हणाल्या, "छान आलंय. आता लिहायला घ्या."

मी लिहायला घेतलं नाही. ते आकडे मला पटत नव्हते. घरं वेगळी, मळणीयंत्रं वेगळी. कोणाकडे पोत्यांची थप्पी छपराला टेकलेली, कोणाकडे पोती ओलसर जमिनीवर. सोयाबीनची साल पातळ असते, पोतं जोरात आपटलं तरी दाणा आतून बाद होतो. अशा साठ्यात आकडे खाली-वर व्हायलाच हवेत. हे मात्र प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे एका ओळीत उभे होते. योगायोगाने जेवढा फरक पडायला हवा, तेवढाच होता, पोत्यापोत्यांतला फरक नावालाही नव्हता. मी रजा टाकली आणि मेहकरची एसटी धरून जानेफळला उतरले.

जाऊबाईंच्या ओसरीवर चहा घेत होते, तेव्हा गटातली एक बाई उरलेल्या एका पोत्याचा नमुना घेऊन आली. आली, बसली, दाणे परातीत ओतले आणि निवडायला लागली. फुटका दाणा बाजूला, सुरकुतलेला बाजूला, हिरवट बाजूला. बोटं सरसर चालली होती.

"हे काय करून राह्यल्या?" मी विचारलं.

"निवडून देतो ना. दोन मिनिटं थांबा."

"आंधीचे बी असेच देल्ले होते?"

तिने जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाई म्हणाल्या, "मंग? कचऱ्यासकट धाडाचे होते काय पुन्याले? लोकं म्हनतीन, जानेफळच्या बायाईले निवडता बी येत नाई."

"पुन्याले कोठी जात होते, बाई? माह्याच घरी होते, खामगावले."

"मंग त अजूनच नाई. आपल्या मानसाच्या घरी फुटके दाने धाडतेत काय वं?"

माझ्या सूचनांच्या कागदात निवडू नका असं वाक्य नव्हतं, आणि ते का नव्हतं हे मला तिथेच कळलं. आमच्याकडे धान्य घराबाहेर जाताना निवडूनच जातं. तूर बहिणीकडे पाठवायची असो की गहू गिरणीवर टाकायचा असो, बाई आधी परात घेऊन बसते. मीही बसते. ते काम आहे असं कोणाला वाटतच नाही, म्हणून ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. माझ्याकडे आलेले सगळे दाणे वीस-पंचवीस घरच्या बायांनी मन लावून निवडलेले होते. त्या आकड्यांवर मी अहवाल दिला असता, तर गटाने पोती तशीच विकली असती.

"पेरताना अख्खं पोतं निवडसान काय?" मी जाऊबाईंना विचारलं.

"पागल झाली काय? पोतं कोनी निवडते?"

"मंग मले पोतं कसं हाय ते पाह्याचं हाय, बाई. तुमचा हात कसा हाय ते नाई."

नमुना आणणारी बाई परात खाली ठेवत म्हणाली, "म्हनजे आमच्यावर भरोसा नाई."

इथे मी वाद घातला नाही. वाद घालून नमुना मिळत नाही. मी तिथल्या तिथे नवी आखणी केली. प्रत्येक पोत्यातून परखीने, म्हणजे येताना खामगावहून सोबत आणलेल्या, पोत्यात खुपसायच्या लोखंडी नळीने, मी स्वतः दाणे काढणार. त्यांचे दोन भाग करणार. एक भाग जसाच्या तसा गोणपाटात. दुसरा भाग बायांनी पाहिजे तेवढा निवडायचा आणि त्याचीही शेजारी गुंडाळी करायची. म्हणजे पोतं कसं आहे ते कळेल, आणि निवडण्याने किती फरक पडतो तेही.

"आमचं बी मोजनार ना?" त्या बाईने विचारलं.

"दोन्ही मोजनार."

मग कोणाची हरकत राहिली नाही. उलट दुपारपर्यंत ओसरीवर शर्यत लागली. एक दुसरीला म्हणाली, "तू निवडतं का देवाले वाहतं? पाचच दाने काढले बाहेर." दुसरी म्हणाली, "माह्या सोयाबीनले काढाले पाह्यजेच काय पन? तुह्याले लागत असन."

मॅडमना फोन केला. झालं ते सांगितलं.

"पहिला सगळा डेटा टाकून देणार तुम्ही? वेळ आहे का तेवढा?"

"आहे. मी कामांची यादी पाठवते."

"यादी नको. तारीख सांगा."

मी तारीख सांगितली. तारीख पाळली नाही तर प्रकल्प पुढच्या वर्षी, हे त्यांनी एकदाच, शांतपणे सांगितलं. मला दुसऱ्यांदा सांगायला लागत नाही.

आठवडाभर गुंडाळ्या जाऊबाईंच्या ओसरीवर राहिल्या. पाणी शिंपडायच्या पाळ्या मी लावून आले होते आणि त्या पाळल्या गेल्या. मोजायच्या दिवशी गटातल्या झाडून सगळ्या आल्या. मी एकेक गोणपाट उलगडत गेले आणि आकडा मोठ्याने सांगत गेले. या वेळी आकडे खरे वाटत होते. कुठे नव्वदच्या घरात, कुठे सत्तर कसेबसे. काही पोती सरळ खाली घसरली. सगळ्यांत कमी आकडा निघाला तो जाऊबाईंच्या पोत्याचा.

जाऊबाई म्हणाल्या, "परत मोज."

परत मोजलं. तेवढेच.

"दाने उलटे मांडले असशीन."

"दाने उलटे-सुलटे नसतेत, बाई."

कोणीतरी हसू दाबलं. जाऊबाईंनी तिकडे बघितलं आणि हसू थांबलं. मग म्हणाल्या, "त्याच पोत्याची दुसरी गुंडाळी काढ."

ती निवडलेल्या दाण्यांची होती. उलगडली, तर कोंबांची दाट ओळ. जाऊबाई दोन्ही गोणपाटं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसल्या. अहवालात त्यांच्या पोत्याचा आकडा जाणारच होता, पण त्यावर काय करायचं हा निर्णय माझा नव्हता. गटात त्यांचंच बियाणं आधी विकलं जातं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मळणीच्या टायमाले त्या यंत्रवाल्याले घाई होती," त्या शेवटी म्हणाल्या. "मी म्हनलं होतं त्याले, पट्टा हळू ठेव म्हनून." मग गटाकडे वळून, "सत्तरच्या खालचं एक बी पोतं बियान्याले विकाचं नाई. माह्यं उद्या खामगावले अडतीवर जाईन. ज्याले कमी हाय त्याहीनं संगं गाडीत टाकावं, भाडं वाटून घेऊ."

एकीने विचारलं, "आनि निवडून विकलं त?"

"अख्खं पोतं?"

"चार जनी बसलो त होईन."

त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी सत्तरच्या जवळ आलेली पोती एकत्र बसून निवडायची आणि पुन्हा एकदा तपासून मगच विकायची, असं ठरलं. फार खाली गेलेली पोती बाजारात. माझ्या प्रकल्पाला निर्णय हवा होता, तो त्या ओसरीवर झाला. मी त्याची नोंद घेतली, अध्यक्ष म्हणून जाऊबाईंची सही घेतली आणि संध्याकाळच्या एसटीने परत निघाले.

अहवाल ठरल्या तारखेला गेला. तोंडी परीक्षेसाठी पुण्याला गेले. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. पानं उलटत म्हणाले, "पहिली आकडेवारी तुम्ही वापरली नाहीत. मग तिच्यावर एक पूर्ण प्रकरण कशासाठी? असं लोक लपवतात."

"सर, मले ते..." असं माझ्या तोंडून निघालं. मागे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी खुदकन हसलं. मी वाक्य दुरुस्त केलं नाही, पुढे गेले. "आमच्या भागात घरून मागवलेला धान्याचा कोणताही नमुना निवडूनच येणार. कागदावर कितीही सूचना लिहिल्या तरी येणार. माझ्यानंतर कोणी हे काम करायला गेलं, तर त्यालाही सगळे आकडे असेच सुंदर मिळतील आणि तो खूश होईल. त्याला हे आधी कळायला हवं."

"आणि यावर तुमचा उपाय?"

"नमुना आपण काढायचा. आणि निवडायला मनाई करायची नाही, निवडण्याला प्रयोगात जागा द्यायची."

त्यांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी टेबलाकडे. मग ते सूत्रांवर आले. दोन पोत्यांमधला फरक आणि एकाच पोत्यातला फरक मी वेगळा कसा काढला, हे फळ्यावर मांडायला सांगितलं. ते मला झोपेतही येत होतं. खडू ठेवला तेव्हा ते म्हणाले, "बसा. झालं."

प्रकल्प मान्य झाल्याचं मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं. मी आधी नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "होनारच होतं." मग जाऊबाईंना लावला. मागे सुपात धान्य पाखडल्याचा आवाज येत होता.

"झाली पास?"

"झाले, बाई."

"बरं झालं. आता हरभऱ्याचं पाह्य. आनि ते नळी खामगावले नको ठेवू, इकडंच आनून दे. बाया इचारून राह्यल्या."