घाट उलटा चढणारी मोटार

पीरमहंमद बारा वर्षं काकासाहेबांची तिसगाव-नगर मोटार चालवत होता, आणि लढाई सुरू झाल्यापासून करंजीचा घाट उलटा चढत होता. हौस म्हणून नव्हे. त्या म्हाताऱ्या मोटारीची टाकी बैठकीखाली; पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनात उतरायचं. चढावर नाक वर झालं की इंजिन टाकीच्या वर जायचं, मग पेट्रोल पोचायचं कसं? टाकी भरलेली असली तर निभायचं. पण आता लढाईमुळं पेट्रोल कुपनावर, टाकी कायम तळाला. म्हणून पायथ्याशी मोटार फिरवायची, मान मागं वळवायची आणि पाठमोरं वर जायचं.

त्यात टाकीचा सांधा फुटला. त्यावर धुण्याचा साबण लिंपून तो दिवस काढत होता. काकासाहेबांना पाचदा सांगून झालं.

"चालतीय नव्हं? मग चालव."

मालकाचं काय जातंय! तो थोडाच त्या टाकीवर बसत होता.

एका मंगळवारी अर्ध्या घाटात साबण सुटला. पेट्रोलचा भपकारा आला. मागं बसलेल्या उतारूंपैकी आसारामनं बिडीसाठी काडी काढलेली. पीरमहंमदनं ब्रेक दाबून काडेपेटी हिसकली.

"उतरा समदे!"

"चाचा, कोर्टाची तारीख हाय माझी!" आसाराम ओरडला.

"तारीख दुसरी मिळंल. तू न्हाई मिळायचा."

नऊ माणसं त्याला शिव्या देत चालत वर गेली. म्हातारी रंगुबाई डोळे दाखवायला नगरला निघालेली. तिला चढवेना, ती माघारी फिरली. पीरमहंमदनं इंजिन बंद ठेवून रिकामी मोटार उतारानं खाली आणली आणि किल्ली मालकापुढं ठेवली.

"टाकी बदला. तवर मी बसनार न्हाई."

"छप्पन डायवर मिळतील!"

दोन मिळाले. उलटा घाट ऐकून दोघंही आल्या पावली गेले. मग काकासाहेब स्वतः त्याच्या दारात आले. हातात साबणाची नवी वडी.

"ही लई चिकट हाय बघ."

पीरमहंमदनं वडीला हात लावला नाही.

मोटार महिनाभर उभी राहिली. तिसगावात शिव्या कुणाला? मालकाला नव्हे, पीरमहंमदला. एका सकाळी रंगुबाई, डोळे दाखवायचे राहिलेलेच म्हणून, त्याच्या दारावरून पायी नगरला निघाली.

"तुझ्या मस्तीपायी चालतीय मी, मेल्या."

"व्हय, मावशी," तो म्हणाला, आणि तिचं गाठोडं उचलून तिच्या पुढं घाटाकडं चालू लागला.